स्वच्छ स्वयंपाकघरातला खोकला

कुणाच्याही घरी गेले की मी आधी नाकाने आत शिरते, मग पायाने. यजमानीण 'या, बसा' म्हणत असते आणि मी हुंगत असते. ओलं लाकूड जळतंय, गोवऱ्या जळताहेत, की नुसता गॅस? डासांची अगरबत्ती कुठे लावली आहे? चहा समोर येईपर्यंत माझा पंचनामा आटोपलेला असतो. आमचे हे म्हणतात, तू पोलीस खात्यात जायला हवं होतंस, उगाच मास्तरकीत आलीस.

पण संशय हा माझ्या नोकरीचाच भाग होता. निवृत्त होईपर्यंत गोंदियातल्या एका लहानशा संस्थेसाठी मी शाळाशाळांत फिरून मुलांना हवा शिकवत असे. हवेत काय काय मिसळतं, धुराने फुप्फुसांचं काय होतं, चुलीऐवजी गॅस का बरा, खोकला लांबला तर कुठे दाखवायचं, एवढाच विषय. तो पुस्तकात असतोच. प्रदूषणाचे प्रकार विचारले की मुलं धडाधडा सांगतात, आणि घरी जाऊन चुलीपाशी धुरात बसून तोच धडा पाठ करतात. म्हणून मी पुस्तक न नेता पिशवी नेत असे.

पिशवीत एक कापलेली प्लास्टिकची बाटली होती. तिच्या आत दोन फुगे आणि खाली ताणून बसवलेलं रबर. रबर ओढलं की फुगे फुगायचे, सोडलं की मिटायचे. हीच आपली फुप्फुसं म्हटलं की शेवटच्या बाकावरचेही पुढे यायचे. दुसरी वस्तू म्हणजे श्वासाचा जोर मोजायची नळी. जोरात फुंकली की तिच्यावरचा काटा पुढे सरकतो. श्वासनळ्या आकसलेल्या असतील तर सरकत नाही. मुलं तिला सरळ फुंकणी म्हणायची. आणि तिसरं म्हणजे माझी कार्डं. पांढऱ्या पुठ्ठ्याचे तुकडे, त्यांवर पेट्रोलियम जेलीचा पातळ थर. मुलांनी ते स्वयंपाकघरात टांगायचं आणि आठवड्याने परत आणायचं. हवेतलं जे काही असेल ते चिकटून येतं. भाषणापेक्षा काळं झालेलं कार्ड मुलाला लवकर पटतं, असा माझा अनुभव.

गावांचाही माझ्यावर तितकाच संशय होता. पिशवी घेऊन घरात डोकावणारी बाई दिसली की कुणाला ती रेशन ऑफिसची वाटायची, कुणाला गॅस एजन्सीची. मुलांना विचारलं, घरी चूल आहे का, तर वर्गभर एकच उत्तर, नाही. चूल आहे म्हटलं की सरकारी गॅस परत नेतील असं घरून बजावलेलं असायचं. आणि त्यांच्या गणवेशाला तर गोवऱ्यांचा वास येत असायचा. मी ऐकून घ्यायची आणि नाकावर विश्वास ठेवायची.

एका शाळेत तर मुख्याध्यापकांनी माझ्या स्वागतासाठी आवार झाडून घेतलं होतं. मी पोचले तेव्हा फळ्यावर रंगीत खडूने 'स्वच्छ हवा, निरोगी फुप्फुस' लिहिलेलं, आणि वर्गामागे पालापाचोळ्याचा ढीग पेटवून दिलेला. सगळा धूर खिडकीतून आत. मुलं डोळे चोळत स्वागतगीत म्हणत होती. मी सरांकडे पाहिलं तर ते म्हणाले, कचरा तसाच दिसला असता तर तुम्हीच नावं ठेवली असती.

आणि गोंदियाजवळचे एक राइस मिलवाले शेठ होते. मोठ्या प्रेमाने शाळेत माझा कार्यक्रम ठेवून दिला, मुलांना बिस्किटं वाटली, आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "मॅडम, बच्चों को चूल्हे का बताइए. चिमनी का उनको क्या समझेगा." बाहेर वाळत घातलेल्या कपड्यांवर कोंड्याची काळी राख बसत होती. मी चिमणीचंही सांगितलं. पुढच्या वर्षी बिस्किटं आली नाहीत आणि बोलावणंही आलं नाही.

पण मला सांगायचं आहे ते आचलचं. देवरीच्या पुढे जंगलाला लागून असलेलं तिचं गाव. नाव मुद्दाम लिहीत नाही. त्या शाळेत मी पूर्वी एकदा येऊन चुलीविरुद्ध जोरदार बोलून गेले होते. दुसऱ्यांदा गेले तेव्हा कार्डं वाटली, आणि आठवड्याने गोळा करायला गेले तर जवळजवळ सगळ्या वर्गाची कार्डं स्वच्छ. नुसती स्वच्छ नाहीत, चकाकत होती. एवढं निर्मळ स्वयंपाकघर माझ्या स्वतःच्या घरीही नाही. मी एक कार्ड नाकाशी धरलं. खोबरेल तेलाचा वास आला.

थोडं खोदून विचारल्यावर उलगडा झाला. कार्ड काळं झालेलं पाहून आयांना लाज वाटली होती. शाळेत घाण कशी पाठवायची, मॅडम काय म्हणेल, आपलं घर अस्वच्छ वाटेल! म्हणून त्यांनी कार्डं पुसली, आणि मॅडमनी काहीतरी तेलकट लावलं होतं हे लक्षात ठेवून वरून डोक्याला लावायचं तेल चोळून दिलं. एका पोरीने हे सांगितलं आणि बाकीच्या तिच्याकडे डोळे वटारून पाहू लागल्या. मला हसूही येत होतं आणि आठवडा वाया गेल्याचा रागही येत होता.

पुसलेलं नव्हतं असं एकच कार्ड, सातवीतल्या आचलचं. तेही काळं नव्हतं. त्याच्यावर बारीक तपकिरी भुकटी बसली होती. काजळी कशी दिसते, धूळ कशी दिसते हे मला झोपेतही सांगता येतं, आणि हे दोन्हीपैकी काही नव्हतं. चहापत्ती घासून आणली असेल, असं मला वाटलं. मी विचारलं तर तिने नुसती नकारार्थी मान हलवली. किडकिडीत, मोठ्या डोळ्यांची पोर, बोलताना मध्येच थांबायची. मी तिच्या हातात नळी दिली. तिने पोटापासून फुंकलं, मानेच्या शिरा ताणल्या, आणि काटा जेमतेम हलला. मग तिला खोकला सुटला. छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता.

रात्री असं होतं का, विचारलं. "मले काई नाई होत मॅडम," ती लगेच म्हणाली. इतक्या लगेच आलेलं उत्तर घरून पाठ करवून घेतलेलं असतं. माझी खात्री झाली की घरात चूल आहे आणि ती लपवली जाते आहे. शाळा सुटल्यावर मी तिच्याबरोबर तिच्या घरी गेले.

दारात आचलची आई कुंदाबाई उभी होती. तिने पोरीकडे आधी पाहिलं, मग माझ्या पिशवीकडे. या म्हणाली, पण दारातून हलली नाही. पाणी मागितल्यावर तिला हलावंच लागलं, आणि तिच्या मागोमाग मी स्वयंपाकघरात गेले. सवयीने हुंगलं. धूर नव्हता. ओट्यावर गॅसची शेगडी, पुसून लख्ख केलेली. भिंतींना काजळी नाही. कोपऱ्यात जिथे चूल असायला हवी तिथली जमीन शेणाने छान सारवलेली. मी वाकून पाहिलं, मागच्या दाराबाहेर पाहिलं, कुठे लपवलेली चूल सापडेना. मग मला शिंक आली. एकामागून एक आल्या आणि घसा खवखवायला लागला.

त्या सारवलेल्या कोपऱ्यात चटई होती. चटईवर ओल्या पोत्यात गुंडाळलेली तेंदूची पानं, कात्री, दोऱ्याचं रीळ आणि सुपात तंबाखू. खिडकीला पोतं ठोकून ती बंद केलेली. कुंदाबाई बिड्या बांधत होती. पान कापायचं, सुपातली चिमूटभर तंबाखू त्यात भरायची, वळायचं, दोरा बांधायचा, तोंड दुमडायचं. हात सतत सुपात, आणि प्रत्येक वेळी बारीक भुकटी वर उडते. डब्यांच्या झाकणांवर, शेगडीवर, देवाच्या फोटोवर तोच तपकिरी थर होता. आचल शाळेतून आली की आईशेजारी बसून पानं कापून द्यायची, तिथेच अभ्यास करायची आणि तिथेच झोपायची.

इथे बंद खोलीत का बसता, असं मी विचारलं. वाऱ्याने पान सुकतं, सुकलं की फाटतं, तंबाखू उडते, आणि सट्टेदार, म्हणजे पानं-तंबाखू देऊन बिड्या नेणारा माणूस, वाकड्या बिड्या बाजूला टाकतो, असं तिने सांगितलं. मग पूर्वी कुठे बसत होता? पूर्वी सपरीत, घरापुढच्या पडवीत.

"तुमीच तं सांगतलं होतं मॅडम, चूल काढा म्हनून," कुंदाबाई म्हणाली. "आचलनं घरी येऊन दोन दिस रडरड केली. काढली मंग. जागा मोकळी झाली. ना धूर, ना काजळी. म्हनलं, आता बाहीर वाऱ्यात कायले बसाचं?"

ती तक्रार करत नव्हती. माझं ऐकलं, हे अभिमानाने सांगत होती. मी मात्र तिथे ग्लास हातात धरून उभी राहिले. एवढी वर्षं मी धूर शोधत फिरले. धूर गेला की घरातली हवा चांगली झाली, असं मुलांना शिकवून मोकळी होत होते. या बाईने माझं तंतोतंत ऐकलं होतं, आणि चूल गेली म्हणूनच तंबाखू पोरीच्या उशाशी आली होती. मला फार वाईट वाटलं. आजही वाटतं.

पोरीला देवरीला सरकारी दवाखान्यात दाखवू या म्हटल्यावर कुंदाबाईचा चेहरा बदलला. मला तिच्या लपवाछपवीचं कारण तेव्हा कळलं. थोरली मुलगी वैशाली, तिची सोयरीक गोंदियाकडच्या एका घरात जुळत आली होती. धाकटीच्या छातीचा आवाज बाहेर गेला, कुणी टीबी म्हटलं, की तिकडचे लोक पाऊल मागे घेतील. बिड्या बांधणाऱ्या घरातला खोकला लोक आधीच कान टवकारून ऐकतात. आचलचे वडील शेतीचा हंगाम सोडून मजुरीला बाहेरगावी असायचे, तेव्हा ठरवायचं ते कुंदाबाईनेच. शेवटी तिनेच तोड काढली: गावात सांगायचं, मॅडम पोरीला विज्ञान प्रदर्शनाला नेत आहेत.

अशा रीतीने आम्ही तिघी बसने देवरीच्या प्रदर्शनाला गेलो. डॉक्टरांनी थुंकी तपासली, छातीचा फोटो काढला. टीबी नव्हता, दमा होता. मूळ प्रवृत्ती शरीराचीच, पण ही भुकटी त्याला रोज डिवचते आहे, असं त्यांनी समजावलं आणि तोंडाने ओढायचे दोन पंप दिले, एक रोजचा आणि एक दम लागला तर घ्यायचा. आता कुंदाबाईला पंपाचा संशय. पंप म्हणजे शेवटचा इलाज, एकदा लागला की सुटत नाही, असं तिने ऐकलं होतं. डॉक्टरांनी सांगून झालं, मी सांगून झालं. तिने पंप घेतले, पण एका अटीवर. घराबाहेर ते कुणाला दिसता कामा नयेत. मला ते पटलं नव्हतं. तरी मी मान्य केलं, कारण पोरीच्या छातीत औषध जाणं जास्त महत्त्वाचं होतं.

बिड्या परत सपरीत गेल्या. वाऱ्याला आडोसा म्हणून जुन्या लुगड्यांचा पडदा बांधला, पानांच्या पोत्यावर पुन्हा पुन्हा पाणी मारायला लागलं. सट्टेदाराला मी लेबर ऑफिसची वाटले; तो कुंदाबाईला विचारून गेला की ही बाई कोणाची माणूस आहे. खिडकीचं पोतं निघालं. पावसाळा संपता संपता आचल रात्री झोपू लागली, आणि माझ्या नळीतला काटाही पुढे सरकू लागला. मी दर भेटीला फुंकायला लावायची. मला तिच्या शब्दावर विश्वास नव्हता, काट्यावर होता.

मग वैशालीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, ठरलं. मला आग्रहाने बोलावणं होतं. मी गेले, आणि सवयीप्रमाणे सगळ्यांना न्याहाळत बसले. नवरा मुलगा धानाचं थ्रेशर चालवणारा, देखणा, पण अगदीच मितभाषी. त्याची आई मात्र माझ्याच जातकुळीची निघाली. बसल्या जागेवरून घरातला कोपरा न् कोपरा तिच्या नजरेखालून जात होता. विहीणबाईंना मधल्या खोलीत मानाने बसवलं होतं, पाठीमागे तांदळाची कोठी. अंगणात भट्टीवर वडे तळणं चाललं होतं. लाकूड ओलं होतं. धूर मांडवात घुसून तिथेच घोटाळत होता.

आचल पाणी वाटत होती. जरा वेळाने माझ्या लक्षात आलं की तिचे खांदे वर-खाली होताहेत. तांब्या ठेवून ती भिंतीला धरून उभी राहिली. मी जवळ गेले. ओठांचा रंग मला आवडला नाही. "पंप कुठे आहे?" मी हळूच विचारलं. तिला बोलता येईना. तिने मधल्या खोलीकडे बोट केलं. पाहुण्यांच्या नजरेला पडू नये म्हणून कुंदाबाईने पंप तांदळाच्या कोठीत पुरून ठेवला होता, आणि कोठीला टेकून विहीणबाई बसल्या होत्या.

कुंदाबाई हळदीकुंकवाचं ताट घेऊन दारात थबकली. तिने आचलला पाहिलं, मला पाहिलं, मग वैशालीला. वैशाली नव्या साडीत मान खाली घालून पाटावर बसली होती. मी पुढे होऊन पंप काढला असता, पण घर तिचं होतं आणि सोयरीकही तिची. ती उभी राहिली तो वेळ फार नसेल. मला मात्र तिचा राग येऊ लागला होता.

तिने ताट खाली ठेवलं. विहीणबाईंना म्हणाली, जरा सरका. कोपरापर्यंत हात तांदळात घातला, तांदूळ चटईवर सांडले, आणि पंप बाहेर आला. त्याच्यावरचे दाणे तिने पदराने पुसले आणि सगळ्यांच्या मधून तो आचलच्या तोंडाशी नेला. पोरीने औषध ओढून घेतलं. आई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

"दमा आहे माह्या पोरीले," कुंदाबाई विहीणबाईंकडे वळून म्हणाली. "टीबी नाई. तपासून आनलं आहे. लपवलं होतं, आता सांगतलं. ठेवाची तं ठेवा सोयरीक."

आचलचा श्वास हळूहळू बसत गेला तसं माझं लक्ष विहीणबाईंकडे गेलं. त्या उठल्या आणि मला खुणेने गोठ्यामागे घेऊन गेल्या. आता मोडल्याचा निरोप माझ्या तोंडून द्यायचा असणार, असं मला वाटलं. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि विचारलं, हा पंप जन्मभर घ्यावा लागतो का. कोणासाठी, मी विचारलं. त्यांनी मांडवाकडे पाहिलं. तिथे त्यांचा मुलगा तोंडावर रुमाल धरून धुरापासून लांब सरकून बसला होता.

थ्रेशरचा हंगाम आला की धानाच्या धुळीने दम लागून त्याला रात्र रात्र बसून काढावी लागत होती. वैदूच्या पुड्या चालू होत्या, आणि मुलीकडच्यांना काही सांगायचं नाही असं त्यांच्या घरात ठरलं होतं. मला एकदम संताप आला. मी म्हटलं, "तिनं भर पाहुण्यांत सांगितलं, आणि तुम्ही मला गोठ्यामागे सांगता?"

त्या पदर सावरून घरात गेल्या. मी मागोमाग गेले. कुंदाबाई खाली बसून चटईवरचे तांदूळ गोळा करत होती. विहीणबाई तिच्यासमोर बसल्या.

"माह्या पोराले बी आहे," त्या म्हणाल्या, आणि मांडवाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाल्या. "तेच. आमीनं बी लपवलं. आता तुमी सांगा, ठेवाची का मोडाची."

कुंदाबाईचा हात थांबला. तिच्या चेहऱ्यावरून मला काही वाचता येईना, आणि माझं वाचणं सहसा चुकत नाही. तिने वैशालीकडे पाहिलं. वैशालीने मान वर केली, मांडवात बसलेल्या त्या मुलाकडे सरळ पाहिलं, आणि आईला होकार दिला.

"इकडं या जावईबापू," कुंदाबाईने हाक मारली. "आचल, दाखव त्याईले."

तो आला आणि खाली मान घालून आचलसमोर मांडी घालून बसला. तोंडाला लावू नका, प्रत्येकाचा वेगळा असतो, एवढं मी मध्येच बजावलं. आचलने पंप हलवला. आधी श्वास पुरा सोडाचा, मंग दाबाचा, ओढाचा आन धरून ठेवाचा, तिने त्याला माझ्याच सुरात समजावलं. "कायले लाजता?" ती म्हणाली. "धरा आता श्वास." आणि त्याने धरला.